तीन कॉर्डची जपानी गाणी

श्वेताच्या वहीत चार जपानी गाणी होती. ती चारही सुशीलला पाठ झाली होती आणि हे त्याने कोणाजवळही कबूल केलं नसतं. माणूस साडेसहाला ऑफिसातून येतो, पाय धुतो, चहाचा कप घेऊन बसतो आणि आतल्या खोलीतून लेकीची गिटार सुरू होते. तीन महिने हे रोज चाललं तर न ऐकणाऱ्यालाही पाठ होईल. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. पण कुठल्या ओळीला तिचं बोट उशिरा पडतं आणि तार खरखरते, हे मात्र तो नागपुरातल्या हुडकेश्वरच्या घरी, बैठकीच्या खोलीत बसल्या बसल्या आधीच सांगू शकला असता.

गाणी धंतोलीतल्या जपानीच्या वर्गातून आली होती. तिथल्या अदिती मॅडमचे याबाबत नियम पक्के होते. नवशिक्याला वाजवायचंही आहे आणि गायचंही आहे, तर चाल संथ हवी, ओळी आखूड हव्यात, त्याच ओळी फिरून यायला हव्यात आणि जी, सी, डी या तीन कॉर्डच्या बाहेर पाऊल पडता कामा नये. एफ नावाची जी कॉर्ड असते, जिच्यात पहिलं बोट आडवं टाकून साऱ्या तारा एकदम दाबाव्या लागतात, तिला मॅडमनी चारही गाण्यांतून हद्दपार केलं होतं. शिवाय जपानी शब्द सुटे, मोकळे पडतात. एका ठोक्याला एक अक्षर ठेवत गेलं की गाणं आपोआप तालात राहतं, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी ओळी देवनागरीत लिहून दिल्या होत्या आणि अक्षरांच्या डोक्यावर लाल शाईने कॉर्ड.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. श्वेता नर्सिंग शिकलेली, दोन वर्षं धंतोलीतच एका खाजगी दवाखान्यात नोकरी केलेली, आणि आता भाषेची परीक्षा पास होऊन जपानातल्या एका वृद्धाश्रमात पाच वर्षांच्या करारावर जाऊ घातलेली. तिथे रोज दुपारी गाण्याचा तास असतो. म्हातारी माणसं गोल करून बसतात आणि सेवा करणाऱ्या मुली त्यांच्यासोबत गातात. म्हणून आश्रमाने उमेदवारांकडून एक व्हिडिओ मागवला होता: घरातल्या वृद्ध माणसासोबत एक गाणं, तीन मिनिटांचं, सोमवारपर्यंत. आणि पालकांचं संमतीपत्र, सहीसकट.

ते संमतीपत्र आठ दिवसांपासून सुशीलच्या टेबलाच्या खणात पडलं होतं. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं घालवलेल्या माणसाला कागद दाबून ठेवायची कला कोणी शिकवावी लागत नाही. सहीला नाही म्हणायचं नाही, आणि ती करायचीही नाही. सोमवार उलटला की प्रकरण आपोआप मिटेल, असा त्याचा हिशेब होता.

कारण एकच, आबा, म्हणजे त्याचे वडील रुपराव. दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी ते सकाळी अर्धांगाचा झटका येऊन अंगणात पडले. अकरा दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं तिकडेच ठेवून. समजायचं सगळं, पण तोंडातून 'अं' पलीकडे काही निघायचं नाही. चार महिने त्यांचं आंघोळ-पाणी, खाणं, कूस बदलणं श्वेता आणि तिची आई वंदना मिळून करत होत्या. सुशील औषधं आणायचा. रोज संध्याकाळी आबांच्या खोलीच्या दारात उभा राहून 'आबा, बरं आहे ना?' असं विचारायचा आणि बैठकीत येऊन बसायचा. श्वेता गेली तर हे सगळं कसं निभणार, हा प्रश्न तो रोज मनात उगाळायचा. आपण हात लावावा, हा विचार त्याच्या मनात आलाच नव्हता, आणि तो आला नाही हेही त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हणूनच त्याने रविवारी मौद्याहून बहिणीला बोलावून घेतलं. नीलाशी त्याचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. शेतातल्या विहिरीवरून जे झालं ते झालं, तेव्हापासून राखीसुद्धा कुरिअरने येत होती. पण या कामी तीच उपयोगी पडेल हे त्याला ठाऊक होतं, तेव्हा त्याने मानापमान गिळून स्वतः फोन केला. नीला नवऱ्याला, महादेवरावांना, घेऊन दहाच्या आत हजर झाली. येताना आबांसाठी संत्री आणली, आत जाऊन त्यांच्या पायाला हात लावून आली, डोळे पुसले आणि बाहेर येऊन पदर खोचून मुद्द्याला लागली.

तिचं म्हणणं सरळ होतं. पोरगी शिकली हे चांगलं, परदेशी जाते हेही चांगलं, पण वेळ बघायला नको का. आबांना ती लागते. आबा आहेत तोवर थांब, मग खुशाल जा. महादेवराव जावई म्हणून खुर्चीत बसले होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. वंदना स्वयंपाकघराच्या दारात पाटोडीचं पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. नणंदेसाठी म्हणून तिने मुद्दाम पाटोडीचा, बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, पण चेहऱ्यावर पाहुणचार नव्हता.

"मी हाय ना आबांले पाहाले," ती म्हणाली.

"तुहे गुडघे पाह्य वहिनी. जिना चढतानी बसतेस तू." नीलाने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती श्वेताकडे वळली. "तिकडच्या म्हाताऱ्यांले आंघोळ घालाले तू विमानानं जाशीन, अन् घरचा म्हातारा कोणाच्या भरोशावर सोडून राहिली वं?"

श्वेता जमिनीवर बसून गिटारीची तार पिळत होती. तिचा स्वभाव आवाज चढवायचा नव्हता.

"आत्या, तिकडे ते काम हाय," ती म्हणाली. "त्याले वेळ राह्यते, सुट्टी राह्यते, केलं तं चांगलं केलं म्हणणारं कोणी राह्यते. इथं ते काम नाई, पोरीचं कर्तव्य हाय. दोन्ही एकच म्हणू नको."

महादेवरावांची मान मध्येच थांबली. सुशील भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिला. मग त्याने ऑफिसातला नेहमीचा उपाय काढला आणि म्हणाला की आधी तो व्हिडिओ तर होऊ दे, पुढचं पुढे बघू. मनातून त्याला माहीत होतं की व्हिडिओ होणार नाही. आठवडाभर श्वेता रोज प्रयत्न करत होती आणि आबा भिंतीकडे तोंड करून पडून राहत होते.

सगळे आबांच्या खोलीत जमले. वंदनाने आबांना उशांना टेकवून बसवलं, कोसा टोपी घातली, धोतराचा सोगा नीट केला. नीलाने फोन आडवा धरला. श्वेता पलंगासमोर स्टुलावर बसली आणि त्यातल्या त्यात सोपं गाणं तिने निवडलं. ते तीनच ओळींचं होतं आणि त्याच तीन ओळी फिरून फिरून यायच्या. वर्गात मुलींना पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात, कारण डाव्या हाताची बोटं एकेका ओळीत एकदाच हलवावी लागतात आणि उजव्या हाताने नुसतं वरून खाली, चार वेळा.

"युक्कुरि इकोऽ," तिने म्हटलं आणि आबांसाठी जागा सोडली.

आबांनी तिच्याकडे पाहिलं. तोंड मिटलेलंच.

"कावा नो सोबा मादे." पुन्हा जागा. "कासा वा हितोत्सु दे ईऽ."

महादेवरावांनी अर्थ विचारला. श्वेता म्हणाली, सावकाश जाऊ, नदीच्या काठापर्यंत, छत्री एकच पुरे. महादेवराव म्हणाले, बस एवढंच? मग यात देवाचं नाव कुठं आहे? श्वेता म्हणाली, कुठंच नाही. त्यांनी विचार करून सांगितलं की तरी चांगलं आहे.

दुसऱ्यांदा घेतलं, तिसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा आबांनी डोळे मिटून घेतले. श्वेताच्या कपाळावर घाम आला होता. बोटांच्या टोकांना तारांचे वळ उमटले होते आणि सी कॉर्डवर जाताना तिचं बोट आता दरवेळी चुकत होतं. नीला फोन खाली घेऊन म्हणाली की राहू दे बाई, म्हाताऱ्या माणसाला किती त्रास द्यायचा. सुशीलला वाटलं, झालं, मिटलं. त्याला बरंही वाटलं आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

तेव्हा वंदना म्हणाली की एकटीच गाते म्हणून तसं होत असेल, सगळ्यांनी मिळून म्हणून पाहू. तिने वही पलंगाच्या कडेवर उघडून ठेवली आणि नीलाला फोन पुन्हा धरायला लावला. आता ही मंडळी मौद्याकडच्या खेड्यातली, खंजिरीच्या भजनावर वाढलेली. गाणं म्हणजे पुढच्याने ओळ म्हणायची, मागच्यांनी तीच उचलून परत म्हणायची, याखेरीज दुसऱ्या रीतीने चारचौघांत गाता येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. श्वेताने पहिली ओळ म्हटली आणि सगळ्यांनी ती जशीच्या तशी तिच्या मागून ओढली. ती थांबून म्हणाली की असं नाही, जागा फक्त आबांसाठी सोडते, बाकीच्यांनी माझ्यासोबतच म्हणायचं; जपानी गाणं सरळ पुढे जातं, परत म्हणायचं नसतं. सगळ्यांनी माना हलवल्या. तिने पुन्हा सुरू केलं, आणि नीला, महादेवराव, वंदना, कोणी खालच्या पट्टीत, कोणी वरच्या, पुन्हा तेच करून बसले. श्वेताने नाद सोडून दिला आणि वाजवत राहिली.

सुशील दाराशी उभा होता. तो गाणार नव्हता. पण तिसऱ्या फेरीला पहिली ओळ आली आणि त्याचा गळा त्याला न विचारता उघडला. त्याने ती ओळ नुसती म्हटली नाही. त्यांच्या गावच्या भजनी मंडळात म्हणायचे तशी म्हटली, शेवटचं अक्षर लांबवून, हळूहळू खाली उतरवत, पुढच्याला दम घ्यायला जागा करून देत.

"युक्कुरि इकोऽऽऽ."

त्याचा आवाज खाली टेकायच्या आत पलंगावरून दुसरा आवाज उठला. तो फाटका होता, निम्मी अक्षरं गिळलेली होती, पण सूर बरोबर जागेवर होता.

"कावा... बा मादे."

श्वेताचा हात तारांवर थांबला. आबांचे डोळे उघडे होते. गाणं थांबल्यावर आबाही थांबले आणि पुन्हा 'अं' एवढंच राहिलं. नीलाने फोन तसाच धरून ठेवला होता आणि ती रडत होती. वंदना पलंगाच्या काठावर बसली आणि आबांचा डावा हात धरून 'आबा, आबा' म्हणत राहिली. महादेवरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

त्यांनी परत गाऊन पाहिलं. परत झालं. दोनदा नुसता हुंकार आला, एकदा ओळ जवळजवळ पूर्ण आली. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक असतं, गाऊन बघत जा. हे श्वेताच्या लक्षात होतं, म्हणून तर ती गिटार घेऊन याच खोलीत बसायची. तीन महिने काही झालं नव्हतं ते आज झालं.

पण या आनंदाचा फास कोणाच्या गळ्यात पडणार, हे ठरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. नीलाने डोळे पुसले आणि म्हणाली की आता तर प्रश्नच नाही. ही गेली की आबांचं हेही गेलं. तिच्या गाण्याने आबांना वाचा आली आणि ती वाचा बॅगेत भरून ती घेऊन जाणार का? महादेवरावांनी दुजोरा दिला. वंदना सकाळपासून लेकीच्या बाजूने उभी होती. पण आता आबांचा हात तिच्या हातात होता, आणि आशा लागली की माणूस बाजू बदलतो, यात तिचा दोष नव्हता. तिने मान वर केली.

"श्वेता," ती म्हणाली, "सहा महिने थांबशीन का वं?"

हे आईच्या तोंडून आलं म्हणून श्वेताला लागलं. सहा महिने थांबणं म्हणजे जागा जाणं, हे त्या दोघींनाही माहीत होतं. श्वेताने गिटार कव्हरमध्ये घातली, चेन ओढली.

"ठीक हाय," ती म्हणाली. "नाई जात."

सुशील जिंकला होता. काही न करता, कागद खणात ठेवून, तो जिंकला होता. आणि तो तिथेच दाराशी उभा राहिला, कारण खोलीतल्या कोणालाही जे दिसलं नव्हतं ते त्याला दिसलं होतं. ओळ म्हणताना आबा श्वेताकडे बघत नव्हते. ते दाराकडे बघत होते.

जेवणं झाली. पाटोडीचा रस्सा तिखटजाळ झाला होता आणि सगळ्यांनी दोनदा घेतला. नीलाने भावाला स्वतःहून वाढलं, 'दादा, घे ना गा' म्हणाली, दोन वर्षांत पहिल्यांदा. विहिरीचं मिटवून टाकू, असं महादेवरावही ओझरतं बोलले. श्वेता वाढत होती आणि सगळ्यांशी नीट बोलत होती. तिने जर आदळआपट केली असती तर सुशीलला सोपं गेलं असतं. तो भाकरीचा एकच तुकडा रश्शात बुडवत राहिला.

त्याला झील आठवत होती. आबा त्यांच्या गावच्या भजनी मंडळाचे म्होरके होते, पस्तीस वर्षं. दर गुरुवारी खंजिरी घेऊन पुढे बसायचे, आणि मागे झीलकरी, म्हणजे ओळ उचलून परत म्हणणारे. म्होरक्या कधी कोणाच्या मागून म्हणत नाही. त्याची ओळ मागचे उचलतात, आणि ती संपत आली की तो पुढची धरतो. श्वेता तीन महिने आबांना आपल्या मागून म्हणायला लावत होती. ते कसे म्हणतील? आयुष्यात कोणाच्या मागून त्यांनी म्हटलं नव्हतं. त्यांना मागून झील हवी होती, आणि झीलही ओळखीची, खाली उतरणारी. तशी ओढणारा या घरात एकच माणूस होता. नवव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत सुशील आबांच्या डाव्या हाताला बसून झील ओढत आला होता.

मग तो कॉलेजसाठी नागपूरला आला. सोबतच्या पोरांनी एकदा 'भजनी बुवा' म्हणून टिंगल केली, आणि त्यानंतरच्या गुरुवारी तो गावी गेलाच नाही. आबांना तसं सांगितलंही नाही. मंडळ अर्धा तास खोळंबलं होतं, असं नंतर नीलानेच त्याला कळवलं. आबांनी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. मग नोकरी, लग्न, हुडकेश्वरचं घर, आणि पस्तीस वर्षं निघून गेली.

दुपारी सगळे पडले होते तेव्हा तो आबांच्या खोलीत गेला. आत गेला, दारात थांबला नाही. आबा जागे होते. सुशील पलंगाशेजारी डाव्या बाजूला खाली बसला. गिटार नव्हती, श्वेता नव्हती, वही नव्हती. त्याने अगदी हळू, बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या आवाजात पहिली ओळ ओढली.

आबांनी दुसरी धरली.

त्याने दुसरी ओढली. आबांनी तिसरी धरली, 'हितोत्सु'शी अडखळले, रागाने डाव्या हाताने गादीवर थाप मारली आणि पुढे गेले. तीन फेऱ्या झाल्या. सुशीलच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी त्याचं अर्धं मन भलतीकडेच धावत होतं. हे कोणाला कळलेलं नाही. कळलं नाही तर श्वेता राहते. घर चालतं तसं चालतं. आपण संध्याकाळी दारातून विचारतो तसं विचारत राहतो. असा विचार आपल्याला याही वेळी येतो, याची त्याला शरम वाटली, आणि ती इतकी वाटली की तो उठून सरळ बाहेर गेला.

चहा होत होता. नीला तिच्या सासूच्या औषधांबद्दल काही सांगत होती. सुशीलने टेबलाचा खण उघडला, संमतीपत्र काढलं, पेनाचं टोपण दाताने काढलं आणि जिथे फुली होती तिथे सही केली. मग तो बोलला. फार बोलायची त्याला सवय नव्हती, त्यामुळे सगळं उलटसुलट आलं: आधी झील, मग ते गुरुवार, मग दुपारचं. श्वेताच्या गाण्याने नव्हे, आपल्या झिलीने आबा गातात, आणि हे आपल्याला सकाळीच कळलं होतं, तरी आपण जेवण होईपर्यंत गप्प बसलो, हेही त्याने सांगून टाकलं.

नीलाने कप खाली ठेवला. तिला पटलं नव्हतं असं नाही, पण हार मानायची तिची रीत नव्हती. "तू दहाले ऑफिसले जातेस गा," ती म्हणाली. "झील काय फोनवरून ओढशीन?"

"सकाळी जाईन त्यांच्यापाशी. संध्याकाळी जाईन. झील मी धरतो, तिले जाऊ दे."

वंदना भिंतीला टेकून उभी होती. नवऱ्याचं हे बोलणं ऐकून तिला भरून आलं असेल अशी त्याची थोडी अपेक्षा होती. तसं काही दिसलं नाही.

"गाणं म्हणणं सोपं हाय," ती म्हणाली. "तीनच ओळी हायेत. सहाले उठून त्यांचं अंग पुसा लागते. कपडे बदला लागतात. दोन-दोन तासांनी कूस बदला लागते, नाई तं पाठीले जखमा होतात. ते कोण करीन? पुन्हा मीच ना?"

खरं तर सुशीलने एवढं धरलंच नव्हतं. त्याच्या मनात झीलच होती. त्याने वंदनाच्या हातांकडे पाहिलं, गुडघ्यांकडे पाहिलं, आणि 'मी करीन' असं म्हणाला. मग लगेच म्हणाला की मला येत नाही. हे दुसरं वाक्य वंदनाला जास्त खरं वाटलं असावं, कारण ती पहिल्यांदाच खुर्चीत बसली. नीला कपाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाली की महिन्यातून आठ दिवस आबा मौद्याला राहतील, तिच्याकडे. महादेवरावांनी मान डोलावली. तिला झील येत नव्हती, पण ती शिकेल, लहानपणी पोरींना मागे बसू देत नसत म्हणून राहिलं होतं, असंही ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता, पण तो आता सुशीलवर नव्हता.

श्वेता सहीचा कागद हातात घेऊन उभी होती. ती रडली नाही, बापाच्या गळ्यात पडली नाही. तिने कागदाचा फोटो काढून पाठवला, व्हिडिओ पाठवला. अदिती मॅडमचा निरोप आला की गाणं दुपटीने लांबलं आहे आणि इतक्या ओळी परत म्हणण्याची तिकडे पद्धत नाही, पण आजोबा गातात हे दिसतं, तेवढं पुरे. श्वेताने तो निरोप सर्वांना वाचून दाखवला. मग घड्याळात पाहिलं. आबांची कूस बदलायची वेळ झाली होती.

"बाबा, चला," ती म्हणाली.

खोलीत तिने त्याला पलंगाच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं ते दाखवलं, गुडघे कुठे वाकवायचे, एक हात खांद्यांखाली, दुसरा कमरेखाली. सुशील लगेच वाकला तेव्हा तिने त्याला थांबवलं. नर्सिंगच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच शिकवतात, ती म्हणाली. आधी सांगायचं, मग हात लावायचा. समोरचा बोलत नसला तरी सांगायचं, आणि सांगितल्यावर वाट पाहायची.

सुशील ताठ उभा राहिला. त्याने शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या.

"आबा," तो म्हणाला. "मी सुशील. तुमाले उचलून राहिलो. डावा हात माह्या खांद्यावर टाका."

आबा त्याच्याकडे पाहत राहिले. श्वेता म्हणाली, घाई नका करू. बाहेर कप विसळल्याचा आवाज येत होता. मग आबांचा हात वर आला, आधी सुशीलच्या कानाला लागला, गालावरून खाली घसरला आणि खांद्यावर घट्ट बसला. सुशीलने बापाला उचललं. एवढे हलके झाले असतील असं त्याला वाटलंच नव्हतं. चार महिने तो दारातून विचारत होता, आणि दारातून वजन कळत नाही.